तुकोगंजचा नळ आणि जकातीचा नाका

इंदूरला गेलो की माझा मुक्काम तुकोगंजात असतो. मावशी लग्न होऊन त्या शहरात गेली ती तिथलीच झाली. तिच्या मराठीत आता अर्धे शब्द माळव्याचे असतात, सकाळी पोह्यांबरोबर जिलबी नसेल तर तिला चुकल्यासारखे वाटते आणि नर्मदेला ती ‘नर्मदाजी’ म्हणते. आम्ही गोव्याची माणसे ओपाच्या पाण्यावर वाढलो. नळाला पाणी येते ते कुठून येते याचा विचार करायची आपल्याला फारशी सवय नाही. इंदूरच्या जुन्या माणसांना मात्र ती आहे, कारण त्यांनी नर्मदा शहरात यायच्या आधीचे दिवस पाहिले आहेत.

२०२३ च्या दिवाळीनंतर गेलो होतो तेव्हाची गोष्ट. सकाळी पाणी आले. मावशीने बादली लावली आणि मी नळ जरा जास्तच सोडला म्हणून मला म्हणाली, “अरे, हळू. नर्मदाजीचं पाणी आहे, घाट चढून आलंय. त्याच्या विजेचं बिल कोण भरतं माहिती आहे? आता मीसुद्धा भरते.”

मला वाटले पाणीपट्टीबद्दल बोलत असेल. पण तिने कपाटातून एक फाईल काढली आणि टेबलावर ठेवली. फाईलमध्ये डीमॅट खात्याचा उतारा होता आणि त्यात इंदूर महानगरपालिकेच्या रोख्यांची नोंद होती. एकूण चाळीस हजार रुपये. शाळेत सारा जन्म गणित शिकवलेल्या बाईने बँकेतली एक मुदत ठेव मोडून आपल्याच शहराला कर्ज दिले होते!

त्या फाईलमुळे मी जे वाचत गेलो, ते इथे मांडतो आहे. विषय तसा अर्थखात्याचा आहे. पण इतिहासाची आवड असलेल्या माणसाला त्यात आपल्या ओळखीची बरीच माणसे भेटतात.

आधी पाण्याविषयी. इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. नर्मदा वाहते ती विंध्याच्या पलीकडे, खाली निमाडात. ही नदी इंदूरला आणा, अशी मागणी करत १९७० साली शहर रस्त्यावर उतरले होते. विद्यार्थी, वकील, प्राध्यापक, गृहिणी सगळे होते. त्या आंदोलनाच्या आठवणी इंदूरच्या मराठी घरांतूनही अजून निघतात. मागणी मान्य झाली, काम सुरू झाले आणि १९७८ साली नर्मदेचे पाणी इंदूरला पोहोचले. मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून ते उपसायचे, सुमारे सत्तर किलोमीटर वाहून आणायचे आणि वाटेत चारशे मीटरहून जास्त उंच चढवायचे. पाणी आपण होऊन घाट चढत नाही. त्याला वीज ढकलते. पुढे योजनेचे टप्पे वाढत गेले तसे विजेचे बिलही वाढत गेले. रोखे विकायला काढले तेव्हा महिन्याला सुमारे २५ कोटी रुपये असा त्या बिलाचा आकडा महापालिकेकडून सांगितला जात होता.

यावर उपाय म्हणून महापालिकेने ठरवले, की नदीपाशीच, खरगोन जिल्ह्यातल्या सामराज आणि आशुखेडी या गावांच्या जमिनीवर ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज पाणी चढवायला वापरायची. त्यासाठी पैसा हवा. तो लोकांकडून उभा करायचे ठरले. १० फेब्रुवारी २०२३ रोजी रोख्यांची विक्री खुली झाली. हवे होते १२२ कोटी, आणि मागणी जास्त आली तर आणखी १२२ कोटी ठेवून घेण्याची मुभा होती. मागणी आली ७२० कोटींच्या वर, म्हणजे मूळ रकमेच्या जवळजवळ सहापट. शहराने २४४ कोटी ठेवून घेतले. व्याज सव्वाआठ टक्के, दर सहा महिन्यांनी. कमीत कमी दहा हजार रुपये भरले की कोणालाही ते घेता येत होते.

महापालिकेने रोखे काढणे नवे नाही. अहमदाबादने १९९८ साली शंभर कोटींचे काढले होते. आपल्या पुण्याने २०१७ साली पाणीपुरवठ्यासाठीच २०० कोटी उभे केले. सौर किंवा तत्सम कामासाठी, ज्यांना ‘हरित’ म्हणतात तसे रोखेही गाझियाबादने २०२१ साली काढले होते. पण ती देवाणघेवाण बहुतांशी मोठ्या संस्थांमध्ये बंद दाराआड होत असे. इंदूरने दार उघडून सामान्य माणसाला आत घेतले, आणि त्या दारातून माझी मावशी आत गेली.

आता थोडे मागे जाऊ. तुकोगंज हे नाव तुकोजीराव होळकरांवरून आले आहे. होळकर घराण्यात हे नाव तीनदा आले; त्यातल्या दुसऱ्या तुकोजीरावांनी १८४४ ते १८८६ इतका दीर्घ काळ राज्य केले. हिशेबाला पक्का आणि व्यापारात रस घेणारा राजा अशी त्यांची ख्याती होती. मुंबईहून निघालेली रेल्वे खांडव्यावरून पुढे गेली होती आणि इंदूर घाटावरच राहिले होते. माळव्याचा कापूस, गहू आणि अफू बैलांच्या पाठीवरून खाली उतरायची. १८७० साली तुकोजीरावांनी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये कर्ज देऊ केले. व्याज साडेचार टक्के, मुदत एकशे एक वर्षे. त्या पैशांतून खांडवा ते इंदूर ही ‘होळकर स्टेट रेल्वे’ त्याच दशकात बांधली गेली. नर्मदेवर पूल झाला आणि पुढे कालाकुंड, पातालपाणीच्या चढणीने गाडी विंध्य चढून माळव्यात आली.

हे वाचताना मी थबकलो. नदी तीच आणि डोंगरही तोच. नर्मदेपासून माळव्यापर्यंतची ती चढण या शहराने दोनदा कर्जाच्या जोरावर चढायची ठरवली, एकदा आगगाडी वर आणण्यासाठी आणि एकदा पाणी. फरक इतकाच, की पहिल्या वेळी कर्ज देणारा राजा होता आणि घेणारे साम्राज्य होते; दुसऱ्या वेळी घेणारे शहर होते आणि देणाऱ्यांत एक निवृत्त शिक्षिका होती. साम्राज्य साडेचार टक्के देत होते, शहर सव्वाआठ देते.

मावशीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मग तुकोजीरावांपेक्षा माझाच सौदा चांगला म्हणायचा!” तिचा विनोद मला आवडला. पण व्याजाच्या या टक्क्यांत एक गंभीर गोष्ट दडलेली आहे, ती जरा उलगडून सांगतो.

सूर्यप्रकाशाला पैसे पडत नाहीत हे खरे. कोळशाच्या वीजकेंद्रात आयुष्यभर कोळसा विकत घ्यावा लागतो. सौर प्रकल्पात सगळा खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो आणि पुढे पंचवीस वर्षे फक्त धूळ पुसायची आणि देखभाल करायची. म्हणजे सौर विजेची किंमत ही मुख्यतः त्या पहिल्या दिवशीच्या खर्चाची आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजाची किंमत असते. मी मावशीच्या वहीत ढोबळ हिशेब केला. ६० मेगावॉटचा प्रकल्प, सूर्य दिवसातून काही तासच उपयोगी, म्हणून क्षमतेच्या एक पंचमांश उत्पादन धरू. वर्षाला साधारण साडेदहा कोटी युनिट वीज होते. २४४ कोटींवर सव्वाआठ टक्क्यांनी पहिल्या वर्षांचे व्याज होते सुमारे २० कोटी. भागाकार केला तर एका युनिटमागे नुसते व्याजच जवळजवळ दोन रुपये!

त्याच वर्षी, इंदूरच्या रोख्यांच्या दोन आठवडे आधी, केंद्र सरकारनेही आपले पहिले हरित रोखे विकले होते. २५ जानेवारी २०२३ रोजी आठ हजार कोटींचे. पाच वर्षांच्या रोख्यांना ७.१० टक्के आणि दहा वर्षांच्या रोख्यांना ७.२९ टक्के. केंद्राची पत मोठी म्हणून त्याला पैसा स्वस्त मिळतो, शहराला महाग. हा जवळजवळ एक टक्क्याचा फरक माझ्या हिशेबात वर्षाला सव्वादोन कोटींच्या वर जातो, युनिटमागे बावीस पैसे. सूर्य दोघांनाही सारखाच तापतो. पैसा मात्र दोघांना सारख्या भावाने मिळत नाही, आणि तो फरक शेवटी नळाच्या पाण्यावर येऊन पडतो.

व्याजाची बाजू ही झाली. आता पहिल्या दिवशीच्या खर्चाची बाजू पाहू, कारण तिथे जकातीचा नाका लागतो.

सौर प्रकल्पाच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा काचेच्या त्या निळ्या-काळ्या पटलांचा, म्हणजे पॅनलांचा असतो. जगात ती बहुतांश चीनमध्ये तयार होतात. आपल्याकडे २०१० साली जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर मिशन सुरू झाले तेव्हा काही प्रकल्पांत देशी बनावटीचाच माल वापरण्याची अट घातली गेली. अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि २०१६ साली भारत तो खटला अपिलातही हरला. देशी मालाची सक्ती करता येत नाही म्हटल्यावर सरकार जकातीकडे वळले. ३० जुलै २०१८ पासून आयात सौर पटलांवर दोन वर्षांसाठी संरक्षक शुल्क बसले, आधी पंचवीस टक्के आणि मग उतरत्या दराने. हे शुल्क चीन आणि मलेशियाच्या मालावर होते; इतर विकसनशील देशांना त्यातून सूट होती.

मग काय व्हायचे ते झाले. माल व्हिएतनाम आणि थायलंडमधून येऊ लागला. म्हणून जुलै २०२० मध्ये शुल्काची मुदत वर्षभर वाढवताना या दोन देशांची नावे यादीत घालावी लागली.

गोव्याच्या वाचकाला यात नवल वाटायचे कारण नाही. जकातीचा नाका चुकवून माल दुसऱ्या वाटेने नेणे हा प्रकार आपल्या इतिहासात भरपूर झाला आहे, आणि योगायोग असा, की त्यातला सर्वांत मोठा माल होता माळव्याची अफू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ईस्ट इंडिया कंपनीला बंगालच्या अफूची मक्तेदारी जपायची होती. माळव्याची अफू चीनला जाऊ नये म्हणून तिने मुंबईची वाट अडवली. व्यापाऱ्यांनी अफू राजस्थानातून कराचीला नेली आणि तिथून समुद्रमार्गे पोर्तुगीजांच्या दमणला. दमणहून ती मकावला रवाना होई. पणजीतल्या जुन्या सचिवालयाशेजारी म्हामय कामतांचा वाडा आहे. त्या घराण्याच्या दप्तरातही या अफूच्या व्यापाराच्या नोंदी आहेत. शेवटी कंपनीने शहाणपण केले. १८३० पासून परवाना-शुल्क भरून मुंबईमार्गे अफू नेण्याची मुभा दिली. शुल्क जास्त ठेवले की माल दमणकडे वळे, कमी केले की मुंबईला येई. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला, कराचीची वाट त्यांच्या हातात आली आणि शुल्क भराभर वाढले. माळव्यात हे शुल्क वसूल करण्याचे एक मुख्य ठिकाण होते इंदूर.

अफू आणि सौर पटले यांची तुलना कोणाला रुचणार नाही. मालाची तुलना मी करतही नाही, वाटेची करतो आहे. जकात कितीही उंच बांधा. पलीकडे भाव कमी असेल तर माल वळसा घालून येतो. तो येऊ नये म्हणून भिंत आणखी लांबवावी लागते. तसेच पुढे झाले. १ एप्रिल २०२२ पासून कुठल्याही एका देशाचे नाव न घेता तयार पटलांवर चाळीस टक्के आणि आतल्या सेलवर पंचवीस टक्के मूळ सीमाशुल्क लागू झाले. शिवाय सरकारी कामांत कोणाची पटले चालतील याची एक मान्य यादी केली गेली, आणि ती यादी प्रत्यक्षात देशी कारखान्यांचीच झाली. २०२५ च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क वीस टक्क्यांवर आणले. पण त्यावर दुसऱ्या नावाचा उपकर बसवल्यामुळे पटलांवरचा एकूण भार जवळपास होता तितकाच राहिला.

इंदूरचे रोखे विकले गेले ते नेमके या चाळीस टक्क्यांच्या काळात. समजा एखाद्या प्रकल्पात पटलांचा खर्च निम्मा असेल आणि ती बाहेरून आणली, तर जकातीमुळे सगळा प्रकल्पच वीस टक्क्यांनी महाग होतो. देशी घेतली, तर देशी कारखानदारही आपला भाव त्या भिंतीच्या आडोशाने ठरवतो. आणि हा जास्तीचा खर्च कर्ज काढून करायचा असल्याने त्यावर पुन्हा व्याज! सरकार एका हाताने शहरांना रोखे काढा म्हणून उत्तेजन देते आणि दुसऱ्या हाताने त्याच कामाच्या मालावर जकात घेते, असे चित्र दिसते.

इथवर वाचून, लेखक जकातीच्या विरुद्ध आहे, असे वाटले असेल. मलाही काही दिवस तसेच वाटत होते. पण मग मला आपल्या मिठाची आठवण झाली.

२६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत एक तह झाला. १८८० पासून तो अमलात आला आणि १८९२ च्या आरंभी संपला. गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधली जकातीची भिंत त्याने काढून टाकली. व्यापार मोकळा झाला, हे वाचायला किती चांगले वाटते! पण इंग्रजांच्या मुलखात मिठावर जबर कर होता. स्वस्त गोवेकर मीठ त्या मुलखात शिरले असते तर त्यांचे उत्पन्न बुडाले असते. म्हणून तहातच अट होती, की गोव्यातल्या मिठाचा कारभार इंग्रजांच्या हाती राहील, आणि त्याबद्दल ते पोर्तुगीज सरकारला दरसाल चार लाख रुपये देतील. मिठागरांवर बंधने आली, उत्पादन आवळले गेले आणि गोव्यातच मीठ महाग झाले. नेरूल, हडफडे, रायबंदर, आगरवाडा इथे पिढ्यान्‌पिढ्या खाऱ्या चिखलात उभे राहून मीठ पिकवणाऱ्या माणसाला त्या तहाच्या कागदावर जागा नव्हती. चार लाख रुपये सरकारच्या तिजोरीत जात. बदल्यात मुरगाव बंदर आणि रेल्वे आली हेही खरे. तीही इंग्रजी कंपनीच्या भांडवलाची, आणि त्या भांडवलावरच्या व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारने दिलेली. गाडीतून कोणाचा माल जायचा, हा वेगळा प्रश्न.

तेव्हा भिंत पाडली की सगळे सुखी होतात हे खरे नाही. भिंत काढल्याने इथला कारागीर मरू शकतो, तशी भिंत बांधल्याने तो जगूही शकतो. सौर पटलांच्या बाबतीत तसे झालेले दिसते. २०१४ साली देशात पटले बनवण्याची क्षमता दोन-सव्वादोन गिगावॉट होती. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारी मान्य यादीतली क्षमता शंभर गिगावॉटपर्यंत पोहोचली. भिंतीबरोबर उत्पादनाशी जोडलेले अनुदानही होते, आधी साडेचार हजार कोटी आणि मग साडेएकोणीस हजार कोटींची तरतूद. एवढे कारखाने उभे राहिले, माणसांना काम मिळाले, याला कमी लेखता येणार नाही. मात्र पटलाच्या पोटातल्या सिलिकॉनच्या चकत्या अजून बहुतेक चीनमधूनच येतात. मीठ इथले, पण पाणी परक्याचे, अशी ही अवस्था आहे.

म्हणून माझा प्रश्न भिंत असावी की नसावी हा उरला नाही. भिंतीवर जे गोळा होते ते कुठे जाते, हा प्रश्न उरला. आणि त्याचे उत्तर शोधताना मला सर्वांत जास्त वाईट वाटले ते कोळशाच्या उपकराची कहाणी वाचून.

२०१० च्या अर्थसंकल्पात कोळशावर टनामागे पन्नास रुपयांचा ‘स्वच्छ ऊर्जा उपकर’ बसवला गेला. कल्पना सरळ आणि न्याय्य होती. धूर करणाऱ्याकडून घ्यायचे आणि धूर न करणाऱ्या विजेला द्यायचे. त्यासाठी राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीही स्थापन झाला. उपकर वाढत गेला. २०१४ मध्ये शंभर, २०१५ मध्ये दोनशे, २०१६ मध्ये चारशे रुपये. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात त्यातून ८६ हजार कोटींहून अधिक रुपये जमा झाले. त्यांपैकी ऊर्जा निधीत गेले तीस हजार कोटींहून थोडे कमी. आणि त्यांतून प्रत्यक्ष खर्च झाले सुमारे सोळा हजार कोटी. बाकीचे सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत मुरले. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा हा उपकर नावानेही संपला. त्याच्या जागी तितकाच, टनाला चारशे रुपयांचा, राज्यांना नुकसानभरपाई देण्यासाठीचा उपकर आला. कोळसा तोच, रुपये तेवढेच. फक्त ते ज्याच्यासाठी घेतले जात होते तो हेतू निघून गेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तोही उपकर रद्द झाला आणि कोळशावरचा जीएसटी पाच टक्क्यांवरून अठरा टक्के झाला. सौर पटलांवरचा जीएसटी २०२१ मध्ये पाचावरून बारा टक्क्यांवर नेला होता, तो त्याच दिवशी परत पाचावर आला.

आता हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहा. एका शहराला आपले पाणी सूर्याच्या जोरावर चढवायला २४४ कोटी हवे होते. कोळशावर स्वच्छ ऊर्जेच्या नावाने घेतलेल्या पैशांतले पन्नास हजार कोटींहून अधिक त्या निधीपर्यंत पोहोचलेच नाहीत. अशा दोनशेहून जास्त शहरांचे पाणी त्यात चढले असते. ते झाले नाही, म्हणून शहराने बाजारात जाऊन सव्वाआठ टक्क्यांनी पैसा आणला. उपकर भरला तोही सामान्य माणसानेच, कारण कोळशाचा कर विजेच्या बिलातूनच वसूल होतो. आणि कर्जही सामान्य माणसानेच दिले. मावशीने एकाच कामासाठी दोनदा पैसे दिले. एकदा कर म्हणून, जे परत येणार नाहीत. आणि एकदा कर्ज म्हणून, ज्याचे व्याज तिला मिळते. पण ते व्याज येणार कुठून? शहराच्या करातून आणि पाणीपट्टीतून. म्हणजे पुन्हा तिच्याच नळातून.

मिठाच्या तहातले चार लाख आणि कोळशाच्या उपकराचे हजारो कोटी यांच्यात मला एक नाते दिसते. दोन्ही वेळा पैसा एका कारणासाठी, एका जागी तयार झाला आणि दुसऱ्याच जागी जिरला. मिठागरातल्या माणसाला कोणी विचारले नव्हते, कारण तो प्रजा होता. आपण नागरिक आहोत. आपल्याला विचारता येते. पण विचारण्यासाठी आधी आकडे वाचावे लागतात, आणि आपल्याकडे संस्कृतीवर लिहिणारी माणसे अर्थसंकल्पाचे पान उलटून पुढे जातात. मीही त्यांतलाच. या लेखाचे निमित्त एका फाईलने दिले नसते तर मीही हे कधी वाचले नसते.

त्या फाईलविषयी एक सांगायचे राहिले. इंदूरच्या रोख्यांची रचना अशी आहे, की हजार रुपयांच्या प्रत्येक रोख्याचे अडीचशे रुपयांचे चार भाग आहेत. पहिला भाग तीन वर्षांनी परत मिळतो, मग पाच, सात आणि शेवटचा नऊ वर्षांनी. म्हणजे मावशीचे चाळीस हजार दहा-दहा हजारांनी चार खेपांत परत यायचे. तिने ते फाईलच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवले होते. २०२६, २०२८, २०३०, २०३२. आणि प्रत्येक वर्षापुढे तेव्हा आपले वय काय असेल तेही. शेवटच्या आकड्यापुढे लिहिले होते ८३.

मी म्हटले, “मावशी, या वयात नऊ वर्षांचे पैसे कशाला गुंतवलेस?”

ती म्हणाली, “अरे, सत्तर साली आम्ही पाण्यासाठी रस्त्यावर बसलो होतो, तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. पाणी यायला आठ वर्षं लागली. तेव्हा कोणी विचारलं का, की इतकी वर्षं कशाला थांबता म्हणून? शेवटचे दहा हजार मला नाही मिळाले तर नातीला मिळतील. तिचं नाव घातलंय.”

१८७० साली एकशे एक वर्षांच्या मुदतीने कर्ज देताना दुसऱ्या तुकोजीरावांनाही ठाऊक असणारच, की त्याची फेड पाहायला आपण नसणार. सार्वजनिक कामाला पैसा देणाऱ्याला इतके तरी मनाशी धरावेच लागते. ज्याच्या हाती तो पैसा सोपवला जातो त्यानेही ते मनाशी धरावे, एवढीच अपेक्षा.

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला तेव्हा मी तिला फोन केला. पटलांवरचा कर कमी झाला, कोळशावरचा वाढला, असे सांगितले. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “बरं झालं. पण कोळशावर जे जास्तीचं घेतील, ते या वेळी कुठे ठेवणार आहेत?”

गणिताची शिक्षिका ती. उत्तराआधी रीत विचारायची तिची सवय अजून गेलेली नाही.